उंबरठ्यावरची डबी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

उपनगरातल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना चढताना एकदा मान वर करून बघा. भिंतीच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या वायरींचे झुबके गेलेले दिसतील. नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवाल्यांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या. पुढं त्यांच्यापैकी अनेकांनी त्याच वाटेनं इंटरनेट आणलं. आता केसाएवढी बारीक काचेची तार, म्हणजे फायबर, थेट आपल्या दारातून आत येते.

या तारांचं दुसरं टोक आम्हा अंधेरीकरांना फार लांब नाही. वर्सोव्याला, जिथं कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले असतात, त्याच किनारपट्टीवर वाळूखालून समुद्री केबली जमिनीवर येतात. भारताला जगाशी जोडणाऱ्या अशा बऱ्याच केबली इथं उतरतात. मुंबईला हे नवं नाही. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाच्या अजस्र जहाजानं मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची केबल समुद्रात टाकली होती. आणि ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या, तेव्हा इथल्या कचेऱ्यांतलं काम रखडलं होतं. इंटरनेट हवेतून येतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते हजारो किलोमीटर तारेतूनच येतं. शेवटचे पंधरा-वीस फूट मात्र आपण ते हवेवर सोडून देतो. आज मला या शेवटच्या पंधरा-वीस फुटांबद्दल बोलायचं आहे.

वायफाय टाकून द्या असं मी म्हणणार नाही. मोबाइलला तेच लागतं. पण जे वायफाय भिंतीपलीकडं जरा बरं पोचतं, त्याच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन आहेत. एका विंगमध्ये चाळीस बिऱ्हाडं, चाळीस वायफाय आणि वाटा तीन! संध्याकाळच्या बोरिवली लोकलच्या दारात जे होतं तेच इथं होतं. शेजारणीचा मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणत असतो. आमच्याकडं मुलगी घरून नोकरी करते, आणि अम्मीचं रत्नागिरीच्या मावशीशी व्हिडिओवर बोलणं नेमकं त्याच वेळी रंगात येतं. ऑनलाइन मुलाखतीत आवाज तुटला, तर समोरच्याला वाटतं उमेदवारच अडखळतोय. भाकरीचा प्रश्न असेल तिथं वायर बरी. म्हणून आम्ही मुलीच्या टेबलापर्यंत वायर नेली आणि दाराशी एक छोटा वायरचा राउटर बसवला. पानाच्या डब्याएवढा जीव. वीजही जुजबी खातो.

ही वायर उघडून बघण्यासारखी असते. आत आठ तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. ही पिळाची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची; १८८१ सालची. बाहेरचा विजेचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि सारखा पडल्यामुळं दुसऱ्या टोकाला तो वजा करता येतो. जुन्या जोडप्यांनाही हे साधलेलं असतं. अशी वायर शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्या वन बीएचकेला ती कधी अपुरी पडायची नाही. घेताना मात्र तांब्याचीच मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही बाजारात मिळते. ती वळवताना लवकर तुटते आणि मग दोष कुठं आहे ते शोधता शोधता नाकी नऊ येतात.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत गेलात तर सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्या समोर येतील. एक स्विच, दुसरी राउटर. स्विच घरातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडतो, बस्स. राउटर त्याहून मोठं काम करतो. तो घर आणि जग यांच्यामध्ये उभा राहतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते आहेत सुमारे ४३० कोटी, म्हणजे जगातल्या माणसांपेक्षाही कमी. म्हणून नव्वदच्या दशकात काही क्रमांक घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक त्यातलेच. प्रत्येक चाळीत खोली नंबर तीन असते, तरी टपाल चुकत नाही, कारण बाहेरच्या जगाला चाळीचा पत्ता पुरतो. आतली खोली कुणाची, ते फाटकावरच्या माणसाला माहीत असतं. राउटर हा फाटकावरचा माणूस.

या माणसाचा एक नियम मला फार आवडतो. उपनगरात भाड्याचं घर शोधणाऱ्यांना ठाऊक असेल, एजंट आधी नाव विचारतो. माझं नाव सांगितल्यावर एका सोसायटीतली जागा ‘कालच गेली’ होती. पुढच्या रविवारी तिची जाहिरात परत आली. मी मराठीत कविता लिहितो, हे सांगायला तेव्हा कुणी वेळच दिला नाही. राउटर कुणाचं नाव विचारत नाही. बाहेरून काही आलं की तो एवढंच पाहतो, याला आतून कुणी बोलावलं होतं का? मुलीनं एखादं पान मागवलं असेल, तर त्याचं उत्तर थेट तिच्याच टेबलावर जातं. कुणीच बोलावलं नसेल, तर दार बंद. दाराचा याहून सभ्य नियम मला ठाऊक नाही.

पण या रखवालदाराची किल्ली कुणाकडं असते? नवा राउटर कारखान्यातून एका ठरावीक पासवर्डसह येतो. अनेक घरांत तो कधी बदललाच जात नाही. आमच्याकडं जोडणी करायला आलेल्या मुलाला मी विचारलं, ‘बाळा, पासवर्ड काय ठेवतोस?’ तो हसून म्हणाला, ‘काका, सगळ्या बिल्डिंगला एकच ठेवतो, लक्षात राहतो!’ पोरगा गुणी आणि कामाला चोख. पण एकाच किल्लीनं चाळीस कुलपं उघडत असतील, तर त्यांना कुलूप कशाला म्हणायचं?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या एका घातक प्रोग्रॅमनं जगभरातली लाखो उपकरणं काबीज केली. त्यात घरगुती राउटर होते, कॅमेरे होते. हत्यार काय? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी! तो एकेक दार त्या यादीनं ठोठावत गेला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेनं अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला चढवला आणि मोठमोठ्या वेबसाइटी कित्येक तास उघडेनात. ज्यांच्या घरातून हा हल्ला झाला, त्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून ही मांडणी निदान एकदा स्वतः करावी. मी साधा बी.ए. झालेला माणूस, मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल. कंपनीच्या डबीतून निघणारी वायर राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत घाला. ही खाच बहुधा वेगळ्या रंगाची असते. उरलेल्या खाचा घरातल्या यंत्रांच्या. आधी कंपनीची डबी सुरू करा, तिचे दिवे स्थिरावले की मग राउटर. संगणक वायरनं राउटरला जोडा आणि राउटरच्या पोटावर छापलेला क्रमांक ब्राउझरमध्ये टाका. जे पान उघडेल तिथं सर्वांत आधी पासवर्ड बदला. कंपनीनं तुम्हाला नाव-पासवर्ड दिला असेल तर जोडणीचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडून तो भरा. नसेल तर बहुतेक ठिकाणी आपोआप पत्ता घेण्याचा पर्याय चालतो. राउटरचा आतला प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो अद्ययावत करून घ्या. बाहेरून राउटर चालवण्याची सोय सुरू असेल तर ती बंद करा.

एक अडचण हमखास येते. कंपनीची डबी बऱ्याचदा स्वतःही राउटरच असते. दोघांनीही घरात सारखेच क्रमांक वाटायला घेतले की गोंधळ उडतो. अशा वेळी आपल्या राउटरचा आतला क्रमांक बदलावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१. किंवा कंपनीला सांगून तिची डबी ‘ब्रिज’वर टाकून घ्यावी, म्हणजे ती फक्त पुलाचं काम करते.

आणि नवा पासवर्ड एका वहीत लिहून ठेवा. दुधाचा हिशोब असतो तसल्या साध्या वहीत. समुद्रापार बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. ती वही कुठं आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. आमच्या घरी ते अम्मीला माहीत आहे.