बांगड्या भरलेले हात
(मालवण येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



तुम्ही मला धैर्यावर बोलायला सांगितलंत. मी धैर्यावर नाही, धैर्यासाठी आपण जे शब्द वापरतो त्यांच्यावर बोलणार आहे. कारण पुढच्या मोर्चात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर द्यायचा, अशी एक सूचना आलेली आहे. तिचा निर्णय आपल्याला आज घ्यायचा आहे.

भित्र्या पुरुषाला आपण काय म्हणतो? बायल्या. बांधावर, बंदरावर, एस.टी.त भांडण लागलं की पहिला प्रश्न येतो, ‘बांगड्यो भरलंस काय रे?’ आणि बाईने हिंमत दाखवली की तिचं कौतुक ‘मर्दानी’ म्हणून. झाशीच्या राणीचंही तसंच झालं. इंदिरा गांधींना तर ‘मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष’ म्हटलं जायचं. म्हणजे बाई शूर निघाली तर ते शौर्य तिचं नाही, तिच्यात शिरलेल्या पुरुषाचं!

हे फक्त मराठीत आहे असं समजू नका. संस्कृतात पराक्रमाला पौरुष म्हणतात. शेजारच्या कानडीत शूराची छाती ती ‘गंडेदे’, म्हणजे गड्याची छाती. तमिळमध्ये ‘आण्मै’ म्हणजे पुरुषपण आणि शौर्यही. जुन्या ग्रीक भाषेत धैर्याला ‘आंद्रेइया’ म्हणत, तो शब्द पुरुषवाचक शब्दावरून आला. लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष आणि ‘विर्तुस’ म्हणजे शौर्य. आपला ‘वीर’ त्याच घराण्यातला. इंग्रज तर घाबरलेल्याला ‘मॅन अप’ म्हणजे पुरुष हो, असं आजही सांगतात.

पण त्याच भाषांमध्ये दुसरी एक वाट आहे. इंग्रजी ‘करेज’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला हृदयाचा शब्द आहे. इंग्रजीत धाडसाला ‘गट्स’ म्हणतात, म्हणजे आतडी. फारसीतलं ‘जिगर’ म्हणजे यकृत, त्यावरून आपण जिगरबाज म्हणतो. आपल्याकडे काळीज घट्ट करतात, कंबर कसतात, ताठ कण्याने उभे राहतात, जिवावर उदार होतात. काळीज, कंबर, कणा, आतडी ही बाईला नाहीत का? आणि ‘पदर खोचून उभी राहिली’ हा वाक्प्रचार तर बाईच्याच अंगावरचा आहे. तो कुणाचा अपमान करत नाही. पुढे काम आहे आणि मी तयार आहे, एवढंच तो सांगतो.

आता दुसरी बाजू पाहा. न घाबरता बोलणारा पुरुष ‘निधड्या छातीचा’, ‘रोखठोक’. तशीच बोलणारी बाई ‘कजाग’, ‘जहांबाज’, ‘फटकळ’, ‘आगाऊ’. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला निघालेल्या बाईला हेच शब्द ऐकवून उंबऱ्याच्या आत परतवलं जातं. सरपंचाच्या खुर्चीवर बसून हिशेब विचारणारीला हेच शब्द ऐकावे लागतात. शब्दाने हाड मोडत नाही, पण पाऊल अडतं. म्हणून हा विषय केवळ भाषेच्या अभ्यासकांचा नाही, आपला आहे.

बांगडीचं म्हणाल तर ती बाईच्या हातात कुणासाठी असते? नवरा गेला की ती फोडली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तसं परिपत्रक काढलं. म्हणजे आपल्या काळापर्यंत ती काच बाईच्या मनगटावर फुटतच आलेली आहे. पुरुषाच्या हातात दिली तर अपमान, विधवेच्या हातात राहिली तर अपशकुन. मग अशी बांगडी आपणच ताटात घालून अधिकाऱ्यापुढे ठेवायची, ती कशासाठी? ‘तू आमच्यासारखा नालायक आहेस’, हेच ना आपण त्याला सांगणार?

या मालवणात पहाटे बंदरावर लिलावात उभ्या राहून मासळी घेणारे, डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणारे हात बांगड्या भरलेलेच असतात. कंबरभर पाण्यात खाडीत तिसऱ्या काढणारे हातही तेच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांच्या वल्ह्याला बांगडी आड येत नाही.

कुणी म्हणेल, आहेर दिला की फोटो छापून येतो. खरं आहे. पण १९७२नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी हातात लाटणी घेतली आणि थाळ्या वाजवल्या. पाण्यासाठी रिकामे हंडे नेले. तेही छापून आलं. त्यात बाईच्या वस्तूने बाईची हेटाळणी नव्हती, तिची मागणी होती. रिकामा हंडा स्वतःच बोलतो.

म्हणून माझी सूचना अशी: मोर्चात बांगड्यांचा आहेर नको. आपल्या टोपल्या नेऊ, हंडे नेऊ, लेखी निवेदन देऊ आणि उत्तराची तारीख लिहून घेऊ. घोषणांमधून ‘नामर्द’ हा शब्द काढू. काम न करणाऱ्याला कामचुकार म्हणू, घाबरणाऱ्याला भित्रा म्हणू. मराठीत शब्दांची वाण नाही.

आणि आपल्यातली एखादी पहिल्यांदा उभी राहून बोलली, तर तिला ‘अगदी पुरुषासारखी बोललीस’ असं कुणी म्हणू नये. ‘बाई, पदर खोचून बोललीस’ म्हणा.