जांघेत काचतं, पण सांगायचं कोणाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सायकल ग्रुपसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या फळ्यावर ‘सायकल आणि त्वचेचे आरोग्य’ असा विषय लिहिलाय. मी समितीला दिलेला विषय जरा वेगळा होता, पण फळा लिफ्टसमोर आहे, त्यामुळे सेक्रेटरी साहेबांची अडचण मी समजू शकते. विषय असा आहे की लांब सायकल चालवली की जांघेत आणि बैठकीच्या जागी काचतं, सोलवटतं, पुढे फोड येतात. ते का होतं, आणि तिथल्या केसांचं काय करायचं? पुढच्या महिन्यात आपली ठाणे ते शहापूर आणि परत अशी शंभरेक किलोमीटरची फेरी आहे. यादीत चौदा वर्षांच्या मुलापासून त्रेसष्ट वर्षांच्या काकांपर्यंत नावं आहेत. येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत येणं वेगळं आणि सहा-सात तास सीटवर बसणं वेगळं. म्हणून आज स्पष्ट बोलणार आहे. कुणाला संकोच वाटला तर खाली बघा, पण कान इकडे ठेवा.

नवी चप्पल काचते तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच जागी घासून घासून वरची कातडी निघते. सायकलवर तेच होतं, फक्त जागा झाकलेली असते. पायडल मारताना मांडी मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा सीटच्या बाजूला घासते. एका तासाचा हिशोब तुम्हीच करा. त्यात आपली ठाण्याची हवा. घाम वाळत नाही, ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर सोलवटते. थोडा घाम वाळलाच तर मागे मीठ राहतं आणि ते बारीक वाळूसारखं घासतं. घर्षण, ओल आणि दाब अशी ही तिहेरी कटकट आहे.

आता केसांकडे येते. मराठीत एक फार नेमका शब्द आहे, केसतोड. केसाच्या मुळाशी होणारं गळू. केस तोडला, ओढला, खरवडला की तिथे गळू होतं, हे आपल्या पणजीलाही माहीत होतं. शब्दातच ते सांगून ठेवलंय. तरीही माझ्याकडे सायकलवाले पेशंट येतात ते बहुतेकदा ‘स्वच्छता म्हणून’ वस्तरा फिरवून आलेले असतात. कुणी लांब राइडच्या आदल्या रात्री, तर कुणी त्याच सकाळी.

जांघेतले केस निरुपयोगी नसतात. कातडी कातडीवर घासू नये म्हणून मधे एक थर असतो तो त्यांचा, शिवाय ते घाम धरून ठेवून कातडीपासून थोडा दूर नेतात. वस्तऱ्याने ते काढले की तीन गोष्टी होतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात. दोन दिवसांनी टोकदार खुंट उगवतात, ते टोचतात. आणि तिथले केस कुरळे असल्यामुळे काही केस बाहेर न येता वळून आतच वाढतात, त्याची पुटकुळी होते. त्यावर घाम, जंतू आणि पाच तासांची बैठक. मग केसतोड नाही होणार तर काय?

हा फक्त माझा हट्ट नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटनच्या महिला सायकल संघात सीटच्या फोडांच्या तक्रारी इतक्या होत्या की त्यांनी तज्ज्ञांना बोलावून विचार केला. इतर गोष्टींबरोबर खेळाडूंना एक साधा सल्ला दिला गेला. तिथलं वॅक्सिंग आणि शेव्हिंग थांबवा. तक्रारी खूपच कमी झाल्या. जगातल्या सर्वोत्तम सायकली असलेल्या संघाला हे उमगायला इतकी वर्षं लागली, कारण मुली एकमेकींशीही हे बोलत नव्हत्या.

केस फार लांब असले तर ओढले जातात, गुंततात, हेही खरं. मग ट्रिमरला प्लास्टिकची कंगवापट्टी लावून थोडे कमी करा, कातडीपर्यंत जाऊ नका. कात्री चालेल, जपून. केस काढायचं क्रीम जांघेत नको, तिथली कातडी भाजते. ज्यांना काढायचेच आहेत, तो तुमचा प्रश्न; पण राइडच्या आधी चार-पाच दिवस नको, ब्लेड नवं हवं, कोमट पाण्याने भिजवून केसांच्या दिशेने फिरवा. आणि घरात एकच रेझर बाथरूमच्या कपाटात सगळ्यांसाठी ठेवलेला असतो, तो कृपा करून वेगळा करा. दाढीचा रेझर दाढीलाच.

पायाच्या केसांबद्दल दोन शब्द, कारण आपल्या ग्रुपमधल्या दोन मुलांनी पाय गुळगुळीत केलेत आणि त्यांचे वडील आज मुद्दाम आलेत असं दिसतंय. काका, रागावू नका. शर्यतीतले सायकलपटू हे पूर्वीपासून करतात. पडल्यावर जखम साफ करायला, चिकटपट्टी काढायला सोपं जातं, रोजच्या मालिशला सोयीचं असतं. आपल्या मुलांना रोज मालिश कोण करणार आहे कोण जाणे! पण पोटरीच्या केसांचा आणि काचण्याचा काही संबंध नाही. करू द्या.

खरा फरक कपड्यांनी आणि सीटने पडतो. गादीची सायकल-शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत काहीही घालू नका. हे ऐकून दर वेळी सभागृहात शांतता पसरते, आजही पसरली. पण चड्डीची शिवण हीच सगळ्यात जास्त काचते. गादी थेट अंगाला लागावी अशीच बनवलेली असते. म्हणूनच ती शॉर्ट्स एकदा घातली की धुवायची, पुन्हा तशीच घालायची नाही. उलटी करून उन्हात वाळवा. कपडे मऊ करायचं द्रव्य नको. आणि घरी आलात की आधी अंघोळ. शॉर्ट्सवरच सोफ्यावर बसून पोहे खात फोटो टाकत बसायचं नाही.

सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते, म्हणजे घर्षण दुप्पट. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवा, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पंजाने चालवताना थोडा बाक राहतो, तेवढा बरोबर. सीट मऊ म्हणजे चांगली असंही नाही. फार मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं उभं राहून चालवा.

राइडच्या आधी जांघेत पेट्रोलियम जेली किंवा सायकलवाल्यांसाठी मिळणारं क्रीम लावा. खोबरेलही चालतं, पण लवकर निघून जातं. टाल्कम पावडर घामाने भिजून तिच्या गुठळ्या होतात. थंडगार पावडर तर सोललेल्या जागी लावून बघूच नका. ताईंनो, पाळीच्या दिवसांत पॅडची कड काचते. ज्यांना जमतं त्यांनी कप किंवा टॅम्पॉन वापरावा, नाहीतर त्या दिवशी कमी अंतर करा.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते. काचलेली जागा झोंबते, लाल असते आणि दोन-तीन दिवस विश्रांती दिली की भरून येते. पण खाज सुटते, कड गोल उठून दिसते, डाग पसरत जातो, तेव्हा ते काचणं नसतं, गजकर्ण असतं. आपण काय करतो? मेडिकलमधून ‘खाजेचं क्रीम’ आणतो. त्यात बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. आतून बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते, आणि तेच क्रीम घरातले सगळे वापरतात. असे हट्टी झालेले गजकर्ण बरे करायला मला महिने लागतात.

आणि मधुमेह. एक गृहस्थ आले होते, वय बावन्न. या सोसायटीतले नाहीत, शोधू नका. जांघेत गळू होतं, नऊ दिवस बायकोलाही सांगितलं नाही. गरम शेक देत राहिले आणि रविवारी सायकलही चालवली. आले तेव्हा ताप होता, साखर चढलेली, लाली मांडीपर्यंत उतरलेली. अ‍ॅडमिट करून गळू कापून काढावं लागलं. पहिल्या दोन दिवसांत आले असते तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, “जागा सांगण्यासारखी नव्हती.”

मोठमोठे यातून सुटले नाहीत. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये लॉरां फिन्यों शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी पुढे होता. सीटच्या फोडामुळे त्याला बसणं मुश्कील झालं होतं. पॅरिसला ती शर्यत तो ग्रेग लेमाँडकडून ८ सेकंदांनी हरला. लेमाँडच्या सायकलला वारा कापणारं नवं हँडल होतं, त्यामुळे सगळं खापर फोडावर फोडता येणार नाही. पण ८ सेकंद!

तेव्हा फेरीसाठी एवढं करा. नवी शॉर्ट्स, नवी सीट, नवं क्रीम त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. आधी तीन-चार रविवार वापरून बघा. फोड आला तर फोडू नका आणि तो असताना सायकलवर बसू नका. दुखणारी गाठ, ताप, पसरणारी लाली, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मधुमेह असलेल्यांनी साध्या पुटकुळीसाठीही या. ज्यांना समोर विचारायला अवघड वाटतं त्यांच्यासाठी वॉचमनच्या केबिनजवळ पेटी ठेवली आहे. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही, उत्तरं सूचना फलकावर लावीन. महिलांसाठी शुक्रवारी दुपारी चारला माझ्याकडे, बी विंग, तिसरा मजला. चहा मी करीन, खायला तुम्ही आणा.