मांडव्याचा अविनाश साबळे

अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा धावपटू.
शेतकरी कुटुंबातला.

बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला.
सियाचीनच्या बर्फात त्याने सेवा केली.
राजस्थानच्या वाळवंटातही केली.

श्रोतेहो, त्याची शर्यत स्टीपलचेस.
अंतर ३००० मीटर.
वाटेत २८ अडथळे.
शिवाय पाण्यावरून ७ उड्या.

१९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच जिंकत आला.
२०२२ मध्ये, बर्मिंगहॅमला, ही मक्तेदारी अविनाशने मोडली.
त्याने रौप्यपदक जिंकले.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले.

२०२४ मध्ये त्याने पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली.
स्टीपलचेसमध्ये तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

होय, श्रोतेहो, पहिला भारतीय पुरुष,
मांडव्याचा अविनाश साबळे.