बटण फिरते, आकडा फिरत नाही



शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी-तबल्याच्या जोडीला आता संगणकावरचे सूरही आले आहेत. गाणे चालू असताना त्यांचा आवाज कमी-जास्त करायला माउस हाती घेऊन बसणे गैरसोयीचे, म्हणून हौशी मुले स्वतःच एक साधन बनवतात. लाकडी खोक्याला सहा भोके, त्यांत सहा फिरती बटणे, आत अर्डुइनो जातीचा एक लहानसा बोर्ड आणि बाहेर यूएसबीची वायर. याला मिडी कंट्रोलर म्हणतात. चार दिवस कौतुकात जातात, आणि मग त्यांतले एखादे बटण रुसते. त्या रुसलेल्या बटणाविषयी आज बोलू.

या खोक्यातून आवाज जात नाही, हे आधी ध्यानात घ्या. जातात ते नुसते आकडे. मिडी ही वाद्यांची सांकेतिक भाषा. ती १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या सहकार्याने ठरली. बटणाचा निरोप तीन आकड्यांचा असतो. निरोप कोणत्या जातीचा व कोणत्या चॅनेलवरचा, हे पहिला सांगतो. कोणत्या गोष्टीसाठी, हे दुसरा (आवाजाची पातळी असेल तर ७). आणि किती, हे तिसरा. हा तिसरा आकडा ० ते १२७ यांच्यामध्येच असतो. आता दोन बटणांना चुकून एकच दुसरा आकडा दिला, तर दोन्ही बटणे एकाच आवाजाशी झगडतात. तिथे बटणाचा काही दोष नाही, प्रोग्रॅम तपासावा.

बटणाच्या पोटात जो भाग असतो तो पोटेन्शिओमीटर. त्याला तीन पाय. कडेच्या दोन पायांमध्ये कार्बनचा पट्टा, आणि मधला पाय त्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या पातीचा. एका कडेला ५ व्होल्ट, दुसरीला ग्राउंड. मधल्या पायावर येईल तो विद्युतदाब बोर्ड ० ते १०२३ या मापात मोजतो, आणि प्रोग्रॅम त्याला आठाने भागून मिडीचा आकडा काढतो. एवढे समजले की निम्मे दोष संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. म्हणून प्रथम हा भागाकार बाजूला ठेवून मूळ आकडाच पडद्यावर आणावा.

बटण उजवीकडे फिरवले आणि आकडा उतरला, तर कडेच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. आकडा हात न लावता भटकत असेल, तर मधल्या पायाची वायर सुटली असावी. अधांतरी राहिलेला पाय आसपासची विजेची खुडबुड टिपत बसतो. मात्र मधली वायर आणि कडेची वायर यांची अदलाबदल झाली असेल, तर सांभाळा! ५ व्होल्ट मधल्या पायावर गेले, की एका टोकाला ते सरळ ग्राउंडला भिडतात आणि पट्टा जळू शकतो.

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचे सांगतो. सुट्टीत कामाला जाऊन मिळालेल्या पैशांतून त्याने असा कंट्रोलर केला होता. गावच्या कार्यक्रमाला दोन दिवस उरले, आणि चौथ्यापासून पुढची तिन्ही बटणे एकदम १०२३ वर अडकली. एका दुकानात त्याला सांगितले, “बोर्ड जळाला, नवीन घे.” पैसे कुठले असायला! तो खोके घेऊन माझ्याकडे आला. “सर, बघता का जरा?” मी त्याला एवढेच विचारले, “तिन्ही बटणं एका दिवशी कशी बिघडतील?” ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने गेली होती. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ती तुटली, तर पुढच्या सगळ्यांवर ५ व्होल्टच राहणार. ५ व्होल्टची साखळी तुटती तर तिन्ही शून्यावर बसली असती. त्याने तिथे नीट डाख दिला आणि काम झाले.

एकच बटण बिघडले असेल, तर अदलाबदल करून पाहावी. चांगल्या बटणाची मधली वायर बिघडलेल्याच्या जागी, आणि त्याची याच्या जागी लावा. दोष बटणाबरोबर हलला, तर बटण किंवा त्याची जोडणी दोषी. जागेवरच राहिला, तर बोर्ड किंवा प्रोग्रॅम. या युक्तीला एक पैसा लागत नाही, आणि शिक्षकांनी ती मुलांच्या हातूनच करवावी.

कधी कधी हात न लावताही निरोपांची रांग लागते. मूळ आकडा ५११ आणि ५१२ यांच्यामध्ये थरथरत असेल, तर भागाकार ६३, ६४, ६३ असा उड्या मारतो. त्यासाठी मागच्या वेळेपेक्षा चार-पाच अंकांचा फरक पडला तरच निरोप पाठवावा, असे प्रोग्रॅमला सांगावे. मधला पाय व ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही उपयोगी पडतो.

जुन्या रेडिओतून काढलेली बटणे फुकट मिळतात, पण त्यांचा पट्टा पुष्कळदा सम नसतो. अर्धे फिरवले तरी आकडा जेमतेम हलतो, आणि पुढे एकदम धावतो. नवीन घेताना बी-१०-के अशी खूण पाहून घ्या. ए असेल तर तो विषम पट्टा.

एकाच जागी आकडा उडी मारत असेल, तर पट्ट्यावर धूळ आहे. बटण पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नाही जमले तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खोबरेल तेल नको. त्यावर आणखी धूळ बसते. आणि बटणाखालचा नट घट्ट आहे ना, हेही पाहा. तो ढिला असला की बटणाबरोबर आतले सगळे अंगच फिरते, आणि कितीही चांगला डाख दिलेला असो, वायरी पिळून तुटतात.