अमेरिकेतील वर्णविभक्त शाळा : कायदा मोडला, कुंपण राहिले

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिलेला निकाल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी कायद्यानेच वेगवेगळ्या शाळा चालवणे हा समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीचा भंग होय, असे नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. पाठ्यपुस्तकांतली कथा बहुधा येथेच संपते. शहाण्या न्यायाधीशांना अन्याय दिसला आणि त्यांनी तो दूर केला! मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. या विषयावरचा मजकूर मराठीत आणताना माझे लक्ष वारंवार निकालाच्या अलीकडे आणि पलीकडे गेले. अलीकडे कष्टकरी माणसांनी मांडलेली एक साधी मागणी आहे. पलीकडे, तत्त्व मान्य करूनही पैसा आणि हद्द यांना हात लावू न देणारी व्यवस्था आहे. आज बोलायचे आहे ते या दोहोंविषयी.

दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन कौंटी हा कापसाचा मुलूख. १९४७ साली तेथील काळ्या पालकांनी शाळा मंडळाकडे मागितले काय, तर एक बस! गोऱ्या मुलांसाठी मंडळाच्या तीस बसगाड्या धावत होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. १९४९-५० साली या कौंटीत गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि काळ्या मुलामागे ४३ डॉलर खर्च होत होते. बससाठी अर्ज करणारे शेतकरी लेव्ही पिअरसन यांना सावकारांनी पीककर्ज नाकारले. पुढे शाळांच्या समानतेसाठी जो अर्ज झाला त्यावर पहिली सही हॅरी ब्रिग्ज यांची होती. ते पेट्रोल पंपावर कामाला होते. ती नोकरी गेली. त्यांच्या पत्नी एलायझा मोटेलमध्ये साफसफाईचे काम करीत. त्यांनाही कामावरून काढले. लोकांना एकत्र आणणारे धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांचे घर जळाले, नंतर चर्चही जाळण्यात आले आणि अखेर त्यांना राज्य सोडून जावे लागले. खटल्याच्या कागदावर ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ एवढेच लिहिलेले असते. त्या नावामागे किती रोजगार बुडाले हे कागद सांगत नाही.

व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावाची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तेथे पुढाकार खुद्द विद्यार्थ्यांनी घेतला. प्रिन्स एडवर्ड कौंटीतील मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेले होते आणि त्यात साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जादा वर्गांसाठी लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले घामाघूम होत आणि कडेची मुले अंगात कोट घालून कुडकुडत बसत. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने शाळेबाहेर पाठवून, बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सर्व विद्यार्थ्यांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. मागणी होती चांगल्या इमारतीची. वकिलांनी त्यांना सांगितले की, आता केवळ बऱ्या इमारतीसाठी आम्ही भांडणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच मोडण्यासाठी लढणार असाल तर येऊ. मुले आणि त्यांचे पालक तयार झाले. चार राज्यांतील ज्या खटल्यांचा निकाल १९५४ साली एकत्र लागला, त्यांतला एक हा, एक क्लॅरेंडनचा. कॅन्सस राज्यातील टोपेका गावच्या ब्राऊन यांचे नाव यादीत वर होते, म्हणून सारा निकाल त्या नावाने ओळखला जातो.

मग न्यायालयाचे मन १९५४ सालीच का वळले? १८९६ साली याच न्यायालयाने, लुइझियानातील आगगाडीच्या डब्यावरून झालेल्या प्लेसी खटल्यात, ‘वेगळे पण समान’ हे सूत्र वैध ठरवले होते. पुढची अर्धी शतकभर त्या सूत्रातला ‘वेगळे’ हा शब्द काटेकोरपणे पाळला गेला आणि ‘समान’ हा शब्द कोणी पाळला नाही. महायुद्धानंतर परिस्थिती बदलली. आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र होत होते आणि त्यांच्या वर्तमानपत्रांत अमेरिकेतील वर्णद्वेषाच्या बातम्या छापून येत होत्या. डिसेंबर १९५२मध्ये अमेरिकी सरकारने या खटल्यात जे निवेदन दाखल केले त्यात वर्णभेदामुळे कम्युनिस्ट प्रचाराला आयतेच खाद्य मिळते, असे स्पष्ट नमूद केले होते. निकाल लागताच तासाभरात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने तो जगभर चौतीस भाषांतून प्रसारित केला.

मात्र यावरून निकालाचे सारे श्रेय शीतयुद्धाला देऊन मोकळे होणे हा आपल्या बाजूचा आळस ठरेल, आणि आपल्याकडच्या काही लेखांत तो झालेलाही आहे. सरकारला लाज वाटावी यासाठी आधी कोणीतरी ती वेशीवर टांगावी लागते. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थरगुड मार्शल यांनी वीस वर्षे एकेक खटला लढवून ही वाट तयार केली होती, आणि ब्रिग्ज दांपत्यासारख्यांनी पोटावर पाय येऊनही अर्जावरची सही मागे घेतली नव्हती.

आता माझ्या धंद्यातली एक अडचण सांगते. १९५४च्या निकालाने तत्त्व सांगितले. अंमलबजावणी कशी करायची, ते ३१ मे १९५५च्या दुसऱ्या निकालात आले. त्यात वेळापत्रक नव्हते. होते ते चार शब्द : ‘विथ ऑल डेलिबरेट स्पीड’. मी प्रथम ‘शक्य तितक्या लवकर’ असे भाषांतर केले आणि खोडले. मूळ शब्द तसे म्हणत नाहीत. ‘विचारपूर्वक त्वरेने’ असे लिहिले, तर वाचणारा विचारील की त्वरा आहे की विचार आहे? ‘डेलिबरेट’ या शब्दात सावकाशीचा अर्थ दडलेला आहे. मराठीत कोणताही एक पर्याय निवडला की संदिग्धता नाहीशी होते, आणि ती संदिग्धता हाच तर त्या वाक्याचा मुख्य आशय होता. दक्षिणेतील राज्यकर्त्यांना कोशाची गरज पडली नाही. त्यांनी सावकाशी तेवढी उचलली.

मार्च १९५६मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या १०१ सभासदांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९५७ साली लिट्ल रॉक येथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी गव्हर्नर फॉबस यांनी सशस्त्र दल उभे केले आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. ती छायाचित्रे जगाने पाहिली. फार्मव्हिलमध्ये पुढे जे घडले त्याची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत, कारण बंद दाराचे छायाचित्र कोण काढणार? १९५९ साली, गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्याचा आदेश टाळण्यासाठी, प्रिन्स एडवर्ड कौंटीने सर्वच सार्वजनिक शाळांना टाळे ठोकले. गोऱ्यांसाठी खाजगी अकादमी निघाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदाने दिली गेली. सुमारे १,७०० काळ्या मुलांसाठी काहीच उरले नाही. काहींना परगावी नातेवाइकांकडे धाडले गेले, काहींचे चर्चच्या तळघरात कसेबसे वर्ग भरले आणि अनेकांचे शिक्षण तेथेच तुटले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडण्याचा हुकूम दिला, तोवर पाच वर्षे गेली होती. १९५९ साली जे मूल सात वर्षांचे होते, ते बारा वर्षांचे झाले होते. संपावर गेलेल्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांनी ही किंमत मोजली.

निकालानंतर दहा वर्षांनी दक्षिणेच्या जुन्या बंडखोर राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात जेमतेम एक होती. तत्त्वाने दहा वर्षांत केलेली प्रगती ती एवढी! गती आली ती १९६४च्या नागरी हक्क कायद्याने आणि १९६५च्या केंद्रीय शिक्षण अनुदानाने. वर्णभेद पाळणाऱ्या शाळेला केंद्राचा पैसा मिळणार नाही, अशी तरतूद झाल्यावर अनेक शाळा मंडळांना राज्यघटना एकाएकी समजू लागली. हा कायदाही रस्त्यावरच्या लढ्याने मिळवलेला होता. पुढे १९६८ साली न्यायालयाने सावकाशीला आळा घातला आणि १९७१ साली शार्लट शहराच्या प्रकरणात मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याचा उपाय मान्य केला. १९८८पर्यंत दक्षिणेतील सुमारे ४४ टक्के काळी मुले गोरे विद्यार्थी बहुसंख्य असलेल्या शाळांत शिकत होती. सतरा वर्षांच्या काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांमधील वाचनक्षमतेचे अंतर १९७१ ते १९८८ या काळात निम्म्याहून कमी झाले. त्याला इतरही कारणे आहेत. पण हा प्रयोग फसला असे जे सर्रास सांगितले जाते त्याला आधार नाही. जेथे तो मनापासून केला गेला तेथे तो फसला नाही.

या यशाचीही दुसरी बाजू आहे आणि पुरोगामी लेखनात ती पुरेशी येत नाही. शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतांशी काळ्या वस्तीतील शाळा. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतील आणि सीमेवरील सतरा राज्यांत सुमारे ३८,००० काळ्या शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकाने शिकवावे, हे मंडळांना मान्य नव्हते. अपुऱ्या पगारावर, फाटक्या पुस्तकांनी ज्यांनी दोन पिढ्या घडवल्या त्यांना समतेच्या नावाखाली घरी बसवले गेले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९३५ सालीच बजावले होते की, काळ्या मुलाला गरज आहे ती शिक्षणाची, नुसत्या वेगळ्या किंवा नुसत्या मिश्र शाळेची नव्हे. हे तेच ड्यू बॉईस, ज्यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर होणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि ज्यांनी १९६१ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले.

मित्रहो, दक्षिणेत कायदा आडवा होता म्हणून तो मोडता आला. उत्तरेत कायदा नव्हता. तेथे हद्द होती. डेट्रॉइट हे मोटार कामगारांचे शहर. तेथे १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने काळ्यांची वस्ती आणि नियोजित गोरी वस्ती यांच्यामध्ये अर्धा मैल लांब, सहा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. ती बांधल्यावरच केंद्र सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने गोऱ्या वस्तीच्या कर्जांना हमी दिली. ही भिंत आजही उभी आहे. महायुद्धानंतर सरकारी हमीच्या कर्जावर गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, मागोमाग कारखाने गेले आणि शहरात उरले ते काळे आणि गरीब. केवळ शहरापुरती मुले हलवून काही साधणार नाही, हे ओळखून खालच्या न्यायालयाने ५३ उपनगरी शाळा मंडळांनाही योजनेत ओढले. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना रद्द केली : उपनगरांनी गुन्हा केल्याचे सिद्ध झालेले नाही, सबब त्यांना हात लावता येणार नाही. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत न्यायमूर्ती थरगुड मार्शल होते. १९५४चा खटला वकील म्हणून जिंकणारे तेच मार्शल.

त्याच सप्टेंबरात बॉस्टनमध्ये शाळेच्या बसगाड्यांवर दगड पडले. तेथील शाळा समितीने वर्षानुवर्षे जाणूनबुजून वर्णविभागणी राखली होती, हे न्यायालयात सिद्ध झाले होते, आणि दगड मारणाऱ्यांच्या तोंडची भाषा निखळ वर्णद्वेषाची होती. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण योजनेने एकमेकांसमोर आणले कोणाला? रॉक्सबरीच्या काळ्या गरिबांना आणि साउथ बॉस्टनच्या आयरिश वंशाच्या गरिबांना. सुखवस्तू उपनगरे हद्दीपलीकडे होती. आदेश देणारे न्यायाधीशही अशाच एका उपनगरात राहत.

या दोन्हींच्या आधी, १९७३ साली, पैशाचा प्रश्न थेट न्यायालयापुढे आला होता. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या एजवूड भागात बहुतांश मेक्सिकन वंशाचे कष्टकरी राहत. मे १९६८मध्ये तेथील सुमारे ४०० विद्यार्थी पडक्या शाळेच्या निषेधार्थ वर्गांतून बाहेर पडले आणि पालकांनी खटला भरला. पहिले नाव होते पत्राकाम करणारे कामगार डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांचे. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत आणि त्यातून विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमत. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये कराचा दर ०.८५ डॉलर होता आणि जमत होते ३३३ डॉलर! सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितले की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि ही विषमता घटनाबाह्य नाही.

१९९१पासून न्यायालये एकामागून एक शहराला जुन्या आदेशांतून मोकळे करू लागली. २००७ साली, सिएटल आणि लुईव्हिल येथील शाळा मंडळांनी आपणहून शाळा मिश्र ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांचा वर्ण विचारात घेतला, म्हणून त्यांच्याच योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. आधार घेतला तो १९५४च्याच निकालाचा. शार्लटमध्ये मुलांना शाळांत पाठवण्याची जुनी व्यवस्था २००२ सालापासून गेली आणि शाळा पुन्हा वस्त्यांप्रमाणे विभागल्या गेल्या.

एजवूडच्या लोकांनी मात्र खटला राज्याच्या न्यायालयात नेला. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, शाळांच्या पैशाची ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही. त्यानंतर श्रीमंत विभागांचा काही महसूल गरीब विभागांकडे वळवणारा कायदा १९९३ साली झाला. त्याविरुद्ध श्रीमंत विभागांनी न्यायालयात धाव घेतली, पण तो १९९५ साली टिकला. खुद्द संघराज्याच्या पातळीवर १९७३चा निकाल अद्याप कायम आहे. राज्याराज्यांत चाललेल्या या खटल्यांविषयी आणि त्यांत शिक्षक संघटनांनी घेतलेल्या भूमिकेविषयी कोणाला विचारायचे असेल, तर प्रश्नोत्तरांच्या तासात जरूर विचारावे.