पाळणा लांबला, नोकरी कुठे?

महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी जमीन आणि तिच्यावर सुमारे सतरा कोटी माणसे, ही बांगलादेशाची ओळख. विकसनशील देशाची लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था हा या परिषदेचा विषय सरासऱ्यांत मांडला की सगळे माना डोलावतात आणि मत कुणाचेच बदलत नाही. म्हणून हे भाषण एकाच देशापुरते आहे.

१९७०चे चक्रीवादळ, १९७१चे मुक्तियुद्ध आणि १९७४चा दुष्काळ अशा तीन तडाख्यांतून हा देश उभा राहत होता. १९७५च्या पाहणीत तिथल्या बाईला सरासरी ६.३ मुले होत होती. पुढच्याच वर्षी युस्ट फालँड आणि जे. आर. पार्किन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून बांगलादेशाला विकासाची कसोटी ठरवले. इथे विकास झाला तर तो जगात कुठेही होईल, असा त्यांचा रोख. त्यात आशेपेक्षा शंकाच जास्त होती.

आणि २०११मध्ये बाईमागे मुलांचा तोच आकडा २.३वर आला होता. देश तेव्हाही गरीबच होता आणि बहुसंख्य माणसे खेड्यातच राहत होती. आधी उत्पन्न वाढते, मग शिक्षण, मग कुटुंब लहान होते, हा पाठ्यपुस्तकातला क्रम बांगलादेशाने पाळला नाही.

हे कसे घडले, ते मतलबमध्ये दिसते. चांदपूर जिल्ह्यातल्या या नदीकाठच्या भागात ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्राने १९६६पासून घरोघरच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवली होती. १९७७मध्ये तिथल्या सुमारे निम्म्या गावांत नवा प्रयोग सुरू झाला. गावातलीच, लग्न झालेली, थोडे शिकलेली बाई दर पंधरवड्याला दारी येई. गोळ्या, इंजेक्शन, तांबी यांपैकी काय हवे ते विचारी, त्रास झाला तर पुन्हा येऊन चौकशी करी. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. पहिल्या गावांतला जन्मदर दुसऱ्यांपेक्षा स्पष्टपणे खाली गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पण तिथवर जाण्याचे धाडस बाईलाच करावे लागे. मतलबमध्ये केंद्रच तिच्या ओसरीवर आले. पडद्याच्या समाजात हा फरक निर्णायक ठरला.

दुसरी गोष्ट चिमूटभर मिठाची. जन्मलेले मूल जगेल याची खात्री नसेल, तर दोनवर थांबा हे सांगणे क्रूर ठरते. फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या १९८०पासून दहा वर्षे घरोघर फिरल्या आणि जुलाबावर पाणी, मीठ, गूळ यांचे मिश्रण कसे करायचे ते एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना शिकवून आल्या. मानधनाची पद्धत तर मोठी नामी होती. नंतर तपासनीस जाई, आईच्या लक्षात किती राहिले ते पाही आणि त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आपल्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांना ही अट घातली, तर किती शिबिरे उरतील कोण जाणे!

मग आले शिवणयंत्र. अमेरिका आणि युरोप यांनी कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. दक्षिण कोरियाचा कोटा भरला होता, बांगलादेशाचा मोकळा होता. नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने ‘देऊ’ या कोरियन कंपनीशी करार केला आणि १९७९मध्ये ‘देश गारमेंट्स’चे सुमारे १३० जण शिकायला बुसानला गेले. परतल्यावर काही वर्षांतच त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडून इतरत्र कारखाने उभारले किंवा चालवायला घेतले. कादेर यांचे नुकसान झाले, पण देशाला धंदा मिळाला. आज निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. या कारखान्यांत सुमारे ४० लाख लोक काम करतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक यांच्या अभ्यासात आढळले की कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुलींची लग्ने आणि पहिली बाळंतपणे लांबली, शिक्षण वाढले. हिशेब येत असेल तर चांगले काम मिळते, हे आईबापांना दिसत होते.

या कामाची किंमतही विसरता येणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११००हून अधिक कामगार ठार झाले. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले.

जन्मदर घसरला की काही दशके खाणारी तोंडे कमी आणि कमावते हात जास्त, अशी स्थिती येते. अर्थशास्त्रज्ञ तिला लाभांश म्हणतात. पण हा लाभांश आपोआप खात्यात जमा होत नाही. बांगलादेशात शिवणकामाला माणसे हवी होती, पदवीधरांना सामावणारे उद्योग मात्र पुरेसे वाढले नाहीत. म्हणून सरकारी नोकरीवर सगळ्यांची झुंबड. स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांचा ३० टक्के कोटा जून २०२४मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला आणि विद्यापीठे रस्त्यावर आली. गोळीबारात शेकडो माणसे मेली आणि ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. या उठावाला राजकीय कारणे बरीच होती, हे खरे. ठिणगी मात्र नोकरीचीच होती.

बाईमागे मुलांची सरासरीही २०११नंतर दहाएक वर्षे २.३वरच अडून राहिली. २०१९च्या पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातल्या सुमारे निम्म्या बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. दारी गोळ्या पोचल्या, लग्नाचे वय तेवढे हलले नाही.

महाराष्ट्रात बाईमागे मुलांची सरासरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ निघाली, तरी आपल्या व्यासपीठांवर अजून लोकसंख्येच्या स्फोटाची भाषणे होतात. माझी परिषदेला विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात त्या स्फोटावर एकही निबंध घेऊ नये. बीड, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत किती बायकांच्या हातात स्वतःची मजुरी पडते आणि पदवी घेतलेली मुले काय करतात, याची मोजणी करणारे निबंध मागवावेत.