उंबरठ्याच्या आत आणि बाहेर



शाळेच्या सभागृहात एका मोडणाऱ्या संसाराच्या चित्रपटावर बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी डिचोली-पेडण्याच्या मुलींना शिकवले. शिकलेल्या मुलीचे पुढे काय होते, हाच 'उंबरठा'चा विषय आहे.

१९८२ साली आलेला हा चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांचा. व्यवसायाने ते बालरोगतज्ज्ञ. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत आपल्या मंगेशीचे कूळ सांगणाऱ्या हृदयनाथ मंगेशकरांचे. मराठीबरोबरच तो 'सुबह' या नावाने हिंदीतही केला गेला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथा थोडक्यात अशी : समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा महाजन संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. तिथल्या कारभाराशी झगडून, राजीनामा देऊन ती परतते, तेव्हा वकील नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते.

विस्कटलेले संसार आपल्या पडद्याला नवे नव्हते. शांतारामबापूंच्या 'कुंकू'त (१९३७) नीरा वृद्ध नवऱ्याला नाकारते. पण तिच्या सुटकेसाठी अखेर त्या नवऱ्यालाच जीव द्यावा लागतो. १९६६ च्या 'निर्मोण' या कोंकणी चित्रपटात संसार समुद्रामुळे विस्कटतो. 'उंबरठा'त मात्र जरठविवाह नाही, वादळ नाही, मारझोडही नाही. घर सुखवस्तू आहे, सासूबाई स्वतः समाजकार्य करणाऱ्या आहेत, आणि नवरा सभ्य आहे. गिरीश कार्नाडांसारख्या प्रसन्न, सुसंस्कृत नटाला ही भूमिका देण्यात दिग्दर्शकाचे निम्मे काम झाले आहे. सुभाषचा राग करावा तर निमित्त सापडत नाही. 'सखाराम बाइंडर' आणि 'गिधाडे' लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी येथे आवाज इतका खाली ठेवावा, याचे मला अजून नवल वाटते. हे लग्न भांडणाने मोडत नाही, परवानगीने मोडते. जाण्याची परवानगी मिळते. पण ती परवानगी आहे, हक्क नव्हे, हे घरातला प्रत्येकजण जाणून असतो.

मूळ कादंबरी शांता निसळ यांची. तिचे नाव 'बेघर'. चित्रपटाने ते बदलले, आणि त्या एका शब्दाने प्रश्नाचे तोंडच फिरले. बेघर ही अवस्था आहे. दुसऱ्याने आणलेली असू शकते. उंबरठा ही जागा आहे. तिच्यावर उभे राहून पाऊल कोणीकडे टाकायचे, हे ठरवावे लागते. स्मिता पाटील यांनी तो निर्णय मोठ्याने उच्चारलेला नाही. त्यांचे डोळे आणि ताठ होत जाणारी मान पाहावी.

सुलभेविषयी पुष्कळ लिहिले गेले. माझे लक्ष मात्र तिच्या जावेकडे, मायाकडे जाते. ही भूमिका आशालता वाबगावकरांची. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवा हिंदु असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा'मधील (१९६४) त्यांची सत्यवती जुन्या रसिकांना आठवत असेल. २०२० मध्ये त्या गेल्या. माया घरातच राहते आणि सुलभेच्या लहानग्या राणीला सांभाळते. आई परत येते तेव्हा मुलीला लळा असतो तो काकूचा. यात मायाचे काय चुकले? काहीच नाही. आशालताबाईंनी तिला खाष्ट केले नाही, केविलवाणीही केले नाही. एक स्त्री बाहेर जाऊ शकली, कारण दुसरी आत राहिली. आणि त्या आत राहण्याची किंमत बाहेर गेलेलीला मोजावी लागली. आपल्या एकत्र कुटुंबाच्या घरांत हा हिशेब किती वेळा झाला असेल!

आपल्याकडे कुणी म्हणेल, गोव्यात हे होणार नाही. आपला कायदा निराळा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते आणि पत्नीचा निम्मा वाटा ठरतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पोर्तुगालचा घटस्फोटाचा कायदा १९१० चा. अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या काबिजादींत आलेल्या पेडणे आणि डिचोली या महालांनाही ही संहिता लागू झाली. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु सुलभेने नवऱ्याकडे घराचा अर्धा भाग मागितला होता का? तिला हवे होते आपले काम, आणि काम करूनही त्या घरात पूर्वीसारखे स्थान. निबंधकापुढे सही करून अर्धे घर नावावर येते. राणीच्या मनातील जागा तशी वाटून देता येत नाही, आणि सुभाषच्या सभ्यतेमागचा धनीपणा कोणत्याही कलमाखाली येत नाही.

शेवटी सुलभा आगगाडीत बसलेली दिसते. मूल मागे राहिले आहे, पुढचा पत्ता आपल्याला सांगितलेला नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू उमटते. त्या हसण्यावरून प्रेक्षकांत तेव्हा मतभेद होते. आजही विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला की मुली एक अर्थ लावतात आणि त्यांच्या आया दुसरा.